थर्मामीटरवर न दिसणारा ताप

साहेबांच्या त्रासापायी सलग २१ दिवस मी सिक लीव्हवर होतो, आणि त्यातले पहिले चार-पाच दिवस डोक्यात एकच किडा वळवळत होता, की आपण खोटं बोलून रजा घेतलीय. ताप नाही, प्लास्टर नाही, सलाईन नाही, चालता-बोलता येतंय, दोन्ही वेळ जेवण जातंय, मग आजारी कसला? दीड वर्ष झालं त्याला. ओळखीतल्या दोघा-तिघांनी वेगवेगळ्या वेळी विचारलं की तू नक्की काय केलं होतंस, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. लांबेल जरा.

आधी हे सांगतो की कडक साहेब मला नवीन नव्हते. माझे पहिले साहेब तर जमदग्नी, रिपोर्टमध्ये एक आकडा चुकला तर अख्ख्या फ्लोअरला ऐकू जाईल असे ओरडायचे. पण ओरडून झाल्यावर समोर बसवून कुठं चुकलं ते दाखवायचे आणि दुसऱ्या दिवशी विसरलेले असायचे. त्यांची बोलणी खाऊनही मला कधी रात्री झोप लागली नाही असं झालं नाही. त्यामुळे नवीन साहेब आले आणि त्रास सुरू झाला तेव्हा मी कितीतरी महिने स्वतःलाच समजावत होतो की अरे हे पण कडकच आहेत, आपणच नाजूक झालोय.

फरक काय होता ते कळायला वेळ लागला. हे ओरडायचे नाहीत. वयाने माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान, आवाज एकदम शांत. सगळ्यांना अहो-जाहो, मलाही पहिले दोन महिने अहो-जाहो, मग एक दिवस मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर अचानक "अरे तुला हे पण सांगावं लागतं का?" आणि तिथून पुढे फक्त मला अरे-तुरे. ऐकायला किती फालतू वाटतं ना, मलाही तक्रार म्हणून कुणाला सांगताना लाज वाटली असती. पण मीटिंगमधल्या दहा जणांना त्या एका "अरे"मधून बरोब्बर कळलं की आता याला बोललं तर चालतं.

मग हळूहळू बाकीचं. शुक्रवारी संध्याकाळी सहाला काम द्यायचं आणि सोमवारी सकाळी नऊला मागायचं. तोंडी एक सांगायचं आणि तसं केल्यावर "मी असं कधी म्हटलं?" मीटिंगच्या इन्व्हाइटमधून माझं नाव वगळायचं आणि नंतर चारचौघांत विचारायचं की तुला हे माहीतच कसं नाही. मी केलेलं प्रेझेंटेशन वर स्वतःच्या नावाने गेलं, ते एकवेळ ठीक, ते सगळीकडे चालतं, पण त्यातच एक चूक निघाली तेव्हा मात्र ते माझं होतं. प्रत्येक गोष्ट सुटी घेतली तर क्षुल्लक. म्हणूनच पकडता येत नाही. कडक माणूस कामाबद्दल बोलतो आणि काय केलं की तो खूश होईल हे तुम्हाला माहीत असतं. इथं गोलपोस्टच रोज हलत होता.

नंतर रजेवर असताना रात्री-अपरात्री वाचत बसायचो, त्यात कळलं की स्वीडनमध्ये हाइन्झ लेमान नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात यावरच काम केलं होतं. त्याने याला 'मॉबिंग' हा शब्द वापरला आणि आठवड्यातून निदान एकदा आणि निदान सहा महिने असं चाललं तर ते मॉबिंग, अशी व्याख्या केली. मी बोटं मोजली. आठवड्यातून एकदा? माझा हिशोब दिवसाला एकदाचा होता, आणि महिने अकरा. खरं सांगू, ते वाचून वाईट नाही वाटलं, बरं वाटलं. म्हणजे या गोष्टीला नाव आहे, मी वेडा नाहीये.

शरीराला मात्र हे माझ्या आधी कळलं होतं. रविवारी दुपारनंतर पोटात गोळा यायला लागायचा. पहाटे तीनला टक्क जाग, आणि मग सकाळपर्यंत उद्याच्या मीटिंगची दोन्ही बाजूंची भाषणं मनातल्या मनात, त्यांचं पण मीच बोलायचो. ऑफिस चॅटची एक टुंग अशी ट्यून होती, ती वाजली की छातीत धस्स. घरी मुलाने मोबाईलवर गेम लावला आणि त्यात तसाच काहीतरी आवाज आला तर मी त्याच्यावर खेकसलो होतो, त्याला बिचाऱ्याला कळेना काय झालं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कामात खरंच चुका व्हायला लागल्या. झोप नाही आणि डोक्याचा अर्धा भाग सतत पहाऱ्यावर, मग आकडे लक्षात राहणार कसे, एकच मेल चारदा वाचायचो तरी डोक्यात शिरायचा नाही. म्हणजे साहेब जे म्हणत होते की तुला जमत नाही, ते आता खरं व्हायला लागलं होतं. हा भाग कुणी सांगत नाही. त्रास देणारा माणूस हळूहळू बरोबर ठरत जातो आणि आपणच त्याला पुरावे पुरवत जातो.

याच सुमारास एका जुन्या सहकारी ताईंनी मला एक सल्ला दिला, त्या स्वतः दुसऱ्या ऑफिसात यातून गेलेल्या. त्या म्हणाल्या, "रडायचं ते घरी रड, पण आधी वहीत लिही." वही कशी लिहायची तेही सांगितलं. तारीख, वेळ, कुठे, काय शब्द वापरले अगदी जसेच्या तसे, समोर कोण होतं, आणि त्यामुळे कामावर काय परिणाम झाला. विशेषणं नकोत. "अपमान केला" असं लिहायचं नाही, "सात जणांसमोर म्हणाले की तुझ्यापेक्षा ट्रेनी बरे" असं लिहायचं. आणि त्याच दिवशी लिहायचं, आठवडाभराने नाही. मी ऑफिसच्या लॅपटॉपवर न लिहिता घरी साध्या वहीत लिहिलं. मधे एकदा रागाच्या भरात सगळे मेल स्वतःच्या पर्सनल आयडीवर फॉरवर्ड करणार होतो, त्यांनीच थांबवलं, कारण बऱ्याच कंपन्यांत ते पॉलिसीविरुद्ध असतं आणि मग विषय साहेबांचा राहत नाही, तुमच्यावर येतो. मेलची तारीख आणि सब्जेक्ट वहीत लिहून ठेव म्हणाल्या, मेल कुठे जात नाहीत.

तर रजेचं कसं झालं. एका मंगळवारी रिव्ह्यू होता. मीटिंग रूमच्या दारापर्यंत गेलो आणि छाती आवळल्यासारखी झाली, हाताला मुंग्या, घाम, श्वास पुरेना. मला वाटलं संपलं, हार्ट अटॅक. सहकाऱ्याने हॉस्पिटलमध्ये नेलं. ईसीजी नॉर्मल, रक्ताची तपासणी नॉर्मल. (इथं एक सांगतो, छातीत दुखलं तर "टेन्शनमुळे असेल" असं आपण घरबसल्या ठरवायचं नाही, आधी हृदय तपासून घ्यायचं. माझं टेन्शनचंच निघालं ही तपासणीनंतरची गोष्ट.) तिथल्या डॉक्टरांनी पॅनिक अटॅक असावा म्हणून सांगितलं आणि आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटा म्हणाले. मी गाडीत बसल्यावर पहिली गोष्ट काय केली असेल तर साहेबांना मेसेज, "सॉरी सर, रिव्ह्यूला येऊ शकलो नाही." उत्तर आलं, "नेहमीचंच."

बायकोने तो मेसेज वाचला आणि मला विचारलंच नाही, दुसऱ्या दिवशीची अपॉइंटमेंट घेऊन टाकली.

आमच्या डॉक्टरांनी आधी झोप विचारली, भूक विचारली, मग दोन कागद पुढे केले. एकाला पीएचक्यू-९ म्हणतात, नऊ प्रश्न, उदासपणा मोजायला, दुसरा जीएडी-७, सात प्रश्न, चिंता मोजायला. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस असं वाटलं, त्यावर शून्य ते तीन मार्क. मी आधी मनात हसलो, म्हणलं हे काय मासिकातल्या कोड्यासारखं. पण भरताना हात जड व्हायला लागला. "आपण अपयशी आहोत असं वाटणं" या प्रश्नाला जवळपास रोज. "लक्ष लागत नाही" याला जवळपास रोज. शेवटचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो. मी "अजिबात नाही"वर खूण केली आणि ते खरं होतं, पण पेन तिथं दोन सेकंद थांबला आणि डॉक्टरांनी ते पाहिलं. त्यांनी सरळ विचारलं, मी सरळ सांगितलं. कुणाचं तिथं दुसरं उत्तर असेल तर रजेबिजेचं सगळं नंतर, ते त्याच दिवशी डॉक्टरांना आणि घरच्यांना सांगायचं.

उदासपणाचे २७ पैकी १६ आले आणि चिंतेचे २१ पैकी १४. उदासपणाच्या कागदात १५ ते १९ म्हणजे बऱ्यापैकी तीव्र. नुसत्या मार्कांवर निदान होत नाही, त्यानंतर डॉक्टर अर्धा तास बोलत बसले होते, पण मला त्या १६ ने जे केलं ते कुणाच्या समजावण्याने झालं नसतं. आपल्याकडे डोक्याला ताप म्हणतात ना, तो ताप मला होता, फक्त थर्मामीटर वेगळा लागत होता.

"दोन आठवडे सुट्टी लिहून देतो," डॉक्टर म्हणाले. मी म्हणलं, "डॉक्टर, पण मी तसा आजारी नाहीये, म्हणजे लोकांना खरंच मोठे आजार असतात." ते म्हणाले, "टायफॉइडवाला पण असंच म्हणाला होता, ऑफिसात खूप काम आहे म्हणून." एवढंच.

सर्टिफिकेटवर काय लिहायचं यावर मात्र आम्ही बराच वेळ बोललो. मला वाटत होतं बर्नआउट, म्हणजे कामाच्या ताणाने पार थकून जाणं, असं लिहावं, सगळे तेच म्हणतात. डॉक्टर म्हणाले, जागतिक आरोग्य संघटनेने बर्नआउट आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणाच्या यादीत घेतलंय हे खरं (हे २०१९चं), पण कामाच्या ठिकाणचा प्रकार म्हणून, आजार म्हणून नाही. त्यामुळे निदानाच्या जागी तो शब्द कच्चा पडतो. शेवटी त्यांनी माझ्या उपचाराखाली आहेत, या तारखेपासून या तारखेपर्यंत कामासाठी अनफिट आहेत, विश्रांतीची गरज आहे, एवढंच लिहिलं. निदान लिहावं लागतं की नाही याचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात, ते आधी आपल्या कंपनीच्या लीव्ह पॉलिसीत वाचून घ्या. आमच्याकडे एचआरला सर्टिफिकेट लागत होतं, निदान नाही. साहेबांना तर अजिबातच नाही.

मग तो मेल. बापरे. चार ओळींच्या मेलला मी दोन तास घेतले. पहिला ड्राफ्ट अख्खं पान, त्यात सहा वेळा सॉरी, छातीत कसं दुखलं, ईसीजी, बायको किती घाबरली सगळं. बायकोने वाचून म्हटलं, "हा मेल आहे की माफीनामा?" शेवटी जो गेला तो असा: प्रकृतीच्या कारणामुळे डॉक्टरांनी अमुक ते अमुक तारखेपर्यंत विश्रांती सांगितली आहे, सर्टिफिकेट जोडलं आहे, चालू कामांची यादी आणि फाइल्स कुठे आहेत ते खाली दिलंय, या काळात मी कॉल आणि मेलवर उपलब्ध नसेन. टू मध्ये एचआर आणि साहेब दोघंही. हे महत्त्वाचं. फक्त साहेबांना पाठवला असता तर ते माझं त्यांच्याकडे रजा मागणं झालं असतं.

अपेक्षेप्रमाणे वीस मिनिटांत फोन. उचलला नाही. परत. परत. मग मेसेज, "स्ट्रेस सगळ्यांनाच असतो, सगळे घरी बसले तर काम कोण करणार?" मी टाइप करायला घेतलं होतं, बायकोने फोन काढून घेतला. दुसऱ्या दिवशी एचआरला तो मेसेज पाठवून एवढंच लिहिलं की रजेच्या काळात कामाबद्दल संपर्क आपल्यामार्फत व्हावा. आणि तो झाला, आश्चर्य म्हणजे. फोन बंद झाले.

पहिला आठवडा बेकार गेला, उगाच चांगलं सांगत नाही. लोकांना वाटतं रजा म्हणजे आराम. लॅपटॉप बायकोने कपाटात वर ठेवला होता आणि मी दिवसातून तीनदा त्या कपाटाकडे बघायचो. खाली कुणी भेटलं की "आज घरी?" याला काय उत्तर द्यायचं म्हणून भर दुपारी पडदे लावून बसायचो. दिवसा झोप, रात्री जागरण. चौथ्या दिवशी डॉक्टरांना फोन केला की तुम्ही सुरू केलेल्या गोळ्यांनी काही होत नाहीये, तर ते म्हणाले या गोळ्यांना परिणाम दाखवायलाच दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्तही, मनाने बंद करू नका. सोबत काउन्सेलर होत्या, आठवड्यातून एकदा. त्यांनी पहिल्याच वेळी काम दिलं ते इतकं साधं होतं की राग आला, रोज ठरावीक वेळी उठायचं, आंघोळ करून बाहेर उन्हात चालून यायचं, लोक काय विचारायचं ते विचारू देत. लोकांनी फक्त एकदाच विचारलं. मी म्हणलं बरं नाहीये. ते म्हणाले काळजी घ्या. संपला विषय, ज्याच्यासाठी मी सहा दिवस पडदे लावून बसलो होतो.

दहाव्या-अकराव्या दिवशी मी पहिल्यांदा सलग सात तास झोपलो. आणि मग डोकं चालायला लागलं. तोपर्यंत माझ्यासमोर दोनच रस्ते होते, सहन करणं किंवा राजीनामा फेकणं, आणि मी तो राजीनामा एका रात्री पहाटे साडेतीनला टाइप करून ठेवला होता. झोप झाल्यावर वाचला तर लिहिणारा कुणी दुसराच वाटला. काउन्सेलर म्हणायच्या की आजारपणात मोठे निर्णय पुढे ढकला, राजीनामा पळून जात नाही. मग वही काढली, ६३ नोंदी होत्या. त्यातल्या साक्षीदार असलेल्या किंवा मेलचा आधार असलेल्या १९ वेगळ्या काढल्या आणि दोन पानांची तक्रार लिहिली. याच दिवसांत वाचलं की आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा कामाच्या जागी होणाऱ्या छळाबद्दल एक करार आहे, १९० क्रमांकाचा, २०१९ मध्ये झालेला, त्यात एकदाच घडलेलं असो की वारंवार, आणि शारीरिक नुकसानच नाही तर मानसिकही, असं स्पष्ट धरलंय. ज्या देशाने तो मान्य केला त्यालाच तो लागू, त्यामुळे एचआरसमोर मी तो नाचवला नाही, पण वाक्यं कशी लिहायची ते त्यातून शिकलो.

दोन आठवड्यांनी तोच नऊ प्रश्नांचा कागद परत भरला, १६चे ११ झाले होते. डॉक्टरांनी अजून एक आठवडा वाढवला. वाढवण्याचं सर्टिफिकेट आधीची रजा संपायच्या आदल्या दिवशीच पाठवलं, मधे एक दिवसही रिकामा ठेवला नाही, कारण तोच एक दिवस "न सांगता गैरहजर" म्हणून लागला असता. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी ८. त्याच काळात कुठेतरी वाचलं की नैराश्य आणि चिंतेपायी जगभरात दरवर्षी कामाचे अंदाजे १२०० कोटी दिवस वाया जातात, जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे. त्यात माझे २१. एवढ्या गर्दीत आपण कामचुकार कसे काय बुवा?

एचआरबद्दल दोन शब्द. एचआर आपला मित्र नसतो आणि शत्रूही नसतो, तो कंपनीचा माणूस असतो. समोरच्या बाई गोड बोलत होत्या पण पहिली वीस मिनिटं "त्यांची स्टाइल तशी आहे" यावरच गाडी अडली होती. मी वहीतल्या नोंदी तारखेसकट वाचायला घेतल्या. पाचव्या नोंदीला त्यांनी पेन उचललं. मी मागितलं तेही मोजकंच होतं: साहेबांसोबत एकट्याने मीटिंग नको, कामं लेखी मिळावीत, आणि जागा निघेल तेव्हा दुसऱ्या टीममध्ये बदली. साहेबांना शिक्षा करा असं म्हटलं नाही. मनात होतं, नाही कशाला म्हणू.

परत जाताना फिटनेस सर्टिफिकेट लागलं, त्यात पहिले दोन आठवडे कमी तास असं डॉक्टरांनी लिहिलं होतं आणि ते मिळालं. पहिल्या दिवशी साहेब इतके गोड की मलाच अपराधी वाटायला लागलं, "कसा आहेस, काळजी घे." आठ दिवस टिकलं. मग परत सुरू, पण आता माझ्याकडे दोन-तीन गोष्टी होत्या. तोंडी काही सांगितलं की दहा मिनिटांत मेल, "आत्ता बोलणं झाल्याप्रमाणे मी हे-हे करतोय, काही वेगळं असल्यास कळवावे." सुरुवातीला ते चिडले, "मेलामेली कशाला?" मी म्हणलं, "सर, हल्ली विसरायला होतं." हे खोटंही नव्हतं. मीटिंगमध्ये टोमणा आला की गप्प बसून मनात कुढण्याऐवजी एकच प्रश्न, "सर, यात नेमकं काय बदलायचं?" टोमण्याला याचं उत्तर नसतं. दरवेळी जमलं असं नाही, दोन वेळा तर मी वॉशरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलोय. चाळिशीचा माणूस.

अप्रेझलमध्ये त्यांनी "उपलब्धता कमी" असं लिहिलं. मंजूर मेडिकल रजा उपलब्धतेत कशी धरली एवढंच मी लेखी विचारलं. ती ओळ निघाली, रेटिंग मात्र तेच राहिलं. तक्रारीचं पुढे काय झालं ते मला अधिकृतपणे कधीच कळलं नाही, साहेब अजून तिथेच आहेत, मधे प्रमोशनही झालं म्हणतात. माझी बदली पाच महिन्यांनी झाली, पाचव्या मजल्यावर. गोळ्या डॉक्टरांनी हळूहळू कमी करत साधारण वर्षभराने थांबवल्या.

नवीन मॅडम बऱ्या आहेत, कडक आहेत. सुट्टीच्या दिवशी फोन केलाच तर आधी "आत्ता बोलू शकता का?" विचारतात. चॅटची ट्यून मी केव्हाच बदलली. परवा लिफ्टमध्ये कुणाच्या तरी फोनवर तीच जुनी टुंग वाजली आणि मी तिसऱ्या मजल्यावरच उतरलो. वरचे दोन मजले जिन्याने चढलो.